औंधचे नमस्कार आणि उसाचा चरक

मधुमेह हा लोडाला टेकून बसणाऱ्यांचा रोग, अशी आपल्याकडे पुष्कळ दिवस समजूत होती. ती अगदीच निराधार नव्हती. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले : एक जन्माबरोबर येणारा, दुसरा अपथ्याने जडणारा. काढे आणि चूर्णे त्यानेही सांगितली आहेतच. पण त्यांबरोबर तो रोग्याचे जगणेच पालटू पाहतो. निर्धनाने छत्री-जोड्यावाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. धनवंताने सावा-देवभात खाऊन हरणांच्या संगतीत राहावे. कुणी नांगर धरावा, विहीर खणावी. कृश रोग्याला मात्र जपावे, असेही तो बजावतो. या शेवटच्या वाक्याकडे पुढे यावयाचे आहे.

असला उपदेश बहुधा पोथीतच राहतो. तो सबंध प्रजेच्या अंगवळणी पाडण्याचा खटाटोप मात्र आपल्याच मुलखात झाला. मधुमेहाचे नाव त्यात नव्हते, हे आधीच सांगतो.

औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांना दुसरे काही सुचेना. स्वतः घातले, राणीसाहेबांनी घातले, मुलांनी घातले. अखेर संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे झाले. त्यांनी पुस्तके लिहिली. १९३८ साली लुईस मॉर्गन या बाईंच्या साहाय्याने त्यांची पद्धत इंग्रजी पुस्तकरूपाने लंडनपर्यंत गेली. नमस्कारांबरोबर आहाराचाही विचार तीत होता. संस्थान ते केवढे? बहात्तर गावांचे, तेही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. (सांगली जिल्हा म्हणजे १९४९ चा दक्षिण सातारा, आजचे नाव १९६० चे.)

नमस्काराने नाना व्याधी दूर राहतात, हा राजेसाहेबांचा दावा मोठा होता. त्याला आधार मुख्यतः स्वानुभवाचा. शिवाय सक्ती! आम्ही मास्तर लोक जाणतो, सक्तीची कवाईत शाळेची घंटा झाली की संपते. तरीही त्यांना दोन गोष्टी नेमक्या उमगल्या होत्या. सांगणाऱ्याने आधी स्वतः करावे, आणि एकट्याने न करता चारचौघांत, ठरल्या वेळी करावे. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली राजेसाहेब गेले.

गंमत अशी की, याच राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर कारखान्याला जागा दिली. तेथून लोखंडी नांगर निघाले आणि उसाचे चरकही निघाले. पुढे सांगलीस वसंतदादा पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, कऱ्हाडजवळ रेठरे बुद्रुकास कृष्णा कारखाना झाला, आणि कृष्णाकाठ उसाने हिरवागार झाला. साखर खाल्ली की मधुमेह झालाच, इतके हे सरळ नाही. परंतु उसाबरोबर पैसा आला, मोटेच्या जागी पंप आला, बैलगाडीच्या जागी फटफटी आली. शरीराचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. ते स्वस्थ बसले आणि पोटावर मेद चढला की इन्शुलिनचा अंमल मंदावतो. ज्या गड्याला सुश्रुताने विहीर खणावयास सांगितले असते, तो आता यारीजवळ उभा राहून यंत्रावर देखरेख करतो.

राजेसाहेबांनी जे श्रद्धेने सांगितले ते मोजून पाहावयास जगाला आणखी अर्धशतक लागले. चीनमध्ये दाचिंग येथे १९८६ पासून, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ लोकांवर सहा वर्षे आहार-व्यायामाचा प्रयोग झाला. अमेरिकेतील प्रयोगाचा निकाल २००२ साली लागला : वजन शेकडा ७ ने उतरवणे, आठवड्यास १५० मिनिटे चालणे, आणि शिकवण्यास एक मार्गदर्शक, सोळा धड्यांसह. मधुमेहाचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ नेच. चेन्नईस २००६ साली हाच लाभ सुमारे २८ भरला. आपल्या माणसाला कमी, पण खोटा नव्हे.

आपल्या माणसाला काही गोष्टी वेगळ्या लागू पडतात, हे पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवले. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या अंगी मांस कमी आणि मेद त्या मानाने राखलेला. दिसावयास किडकिडीत माणूसही सुरक्षित नाही. कृशाला जपा, हे सुश्रुताचे वाक्य येथे आठवते. त्याला नुसते उपाशी ठेवून भागत नाही, त्याचे स्नायू वाढवावे लागतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी हजारो लोक यवतेश्वरचा घाट धावून चढतात. त्यांचे कौतुकच आहे. पण धावू शकणाऱ्याला धावावयास सांगणे सोपे. पहाटे चूल पेटवून, डबे भरून, सर्वांच्या मागून उरलेला भात जेवणाऱ्या बाईने आठवड्याची १५० मिनिटे कुठून काढावी? औंधच्या राणीसाहेबांना नमस्कारांस सवड होती. स्वयंपाकाला मुदपाकखाना होता. आमच्या आळीतील बायकांनी या प्रश्नावर आपल्यापुरती तोड काढली आहे. रात्री भांडी आवरली की त्या पाच-सहा जणी चावडीपासून ओढ्यापर्यंत चालून येतात, आणि घरचे पुरुष तोवर मुलांना निजवतात.