दातांनी लिहिलेला इतिहास

व्यासांनी सांगितलेले महाभारत गणरायाने आपलाच दात मोडून, त्याची लेखणी करून लिहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माणसाचे दातही लिहीत असतात, हे मात्र विज्ञानाने अलीकडे दाखवून दिले.

सरकारी नोकराची नोंद सर्व्हिस बुकात असते, तशी बालपणाची नोंद दातांत असते. दातावरचे कवच, म्हणजे एनॅमल, थरावर थर चढून बनते. दुधाच्या दातांचे काम आईच्या पोटातच सुरू होते. जन्माची एक सूक्ष्म रेघही त्यांत उमटते. हाड आयुष्यभर झिजते आणि भरते, पण एनॅमल एकदा तयार झाले की नव्याने बनत नाही. त्या काळात पोटात गेलेल्या अन्नपाण्याचे अंश त्यात टिकून राहतात.

आईच्या दुधातून बाळाला बेरियम मिळते; दूध सुटले की दातातले त्याचे प्रमाण उतरते. दक्षिण आफ्रिकेतील स्टर्कफोंटेन येथे सापडलेले, वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसचे दात असे तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिले वर्षभर बाळ मुख्यतः अंगावर पीत होते. पुढे काही वर्षे दातांतील खुणा ठराविक काळाने चढत-उतरत राहिल्या. अन्नाची टंचाई आली की आई पुन्हा पाजत असावी, असे संशोधकांना वाटते.

कार्बनही असाच बोलतो. ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण प्रदेशातील गवते यांत कार्बन-१३ हा प्रकार गहू-तांदळापेक्षा जास्त असतो. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना टांझानियात प्रचंड दाढांची एक कवटी मिळाली. कठीण कवचाची फळे फोडणारा म्हणून त्याला ‘नटक्रॅकर’, म्हणजे अडकित्ता, हे नाव पडले. २०११ मध्ये त्याच्या जातभाईंच्या दातांतील कार्बन तपासला, तर त्यांचे मुख्य खाणे गवत आणि लव्हाळ्यांचे निघाले!

आपल्याकडे नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, पण त्यात दात नाहीत. दातांचा मोठा ठेवा सापडला तो पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावात. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. दगावलेले मूल ते लोक दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरत. लुकाक्स आणि वाळिंबे या संशोधकांनी त्या चिमुकल्या दातांचा अभ्यास केला. काहींच्या दुधाच्या सुळ्यांवर एनॅमल नीट न भरल्याचे खड्डे आहेत. पोषणाची आबाळ तिथे कोरली गेली आहे. त्या आयांचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. त्यांच्या हालांची साक्ष एवढीच.

आपल्या आदिलाबाद भागात आजीचे दात ज्वारीच्या भाकरीवर घडले, नातवाचे भातावर घडत आहेत. हा बदलही उद्या कोणी वाचील. म्हणून घराने गरोदर सुनेच्या आणि बाळंतिणीच्या ताटाकडे आधी पाहावे. तिथली उणीव बाळाच्या दातावर लिहिली गेली, तर ती पुसता येत नाही.