डोळ्यामागची गाठ

मुलाच्या मानेला गाठी आल्या की आपल्याकडे पहिली शंका क्षयाची येते आणि दुसरी कर्करोगाची. महापे येथील उद्योगवस्ती असो वा दूरचे खेडे, हा क्रम सहसा चुकत नाही. पण थोड्या रुग्णांत या दोन्ही शंका खोट्या ठरतात. अशाच एका दुर्मिळ रोगाची ओळख वैद्यकाला कशी पटली, ते आपण पाहू.

१९६५ मध्ये देस्तोंब या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठींचे वर्णन केले. १९६९ मध्ये अमेरिकेत हुआन रोसाय आणि रोनाल्ड डॉर्फमन यांनी चार रुग्णांच्या आधारे हा स्वतंत्र रोग असल्याचे मांडले.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काय दिसले? रोगजंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी आपल्या शरीरात असतातच. या गाठींत त्या फुगलेल्या होत्या आणि त्यांच्या पोटात पांढऱ्या पेशी होत्या. पण पचलेल्या नव्हे, चांगल्या धडधाकट! या प्रकाराला एम्पेरिपोलेसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘आत शिरून भटकणे’. हीच पुढे निदानाची महत्त्वाची खूण ठरली.

मग डोळ्याचा संबंध कोठे येतो? १९७९ मध्ये या दोघांनी सहकाऱ्यासह रोगातील नेत्रविकारांचा आढावा घेतला. १९९० मध्ये ४२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्क्यांत रोग लसीकाग्रंथींबाहेरही आढळला. पापणी, अश्रुग्रंथी किंवा डोळ्याच्या खोबणीत गाठ वाढते आणि डोळा हळूहळू, बहुधा न दुखता, पुढे येतो. क्वचित डोळ्याच्या आतही दाह होतो. कधी मानेत गाठ नसतेच. मग निदान अधिकच अवघड.

येथे अचूक निदानाला मोल आहे. पुष्कळदा गाठी आपोआप ओसरतात आणि देखरेख पुरते. कर्करोग समजून कठोर उपचार केल्यास रुग्णाची नाहक परवड होते. मात्र डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब आला, तर थांबून चालत नाही. शस्त्रक्रिया वा स्टिरॉइड लागतात.

अलीकडे काही रुग्णांच्या पेशींत वाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांत बदल सापडले आहेत. त्यामुळे ‘हा कर्करोग नव्हे’ ही रेषा पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत कोबिमेटिनिब हे औषध अशा रोगांसाठी मान्य झाले.

वर्गातल्या एखाद्या मुलाचा एक डोळा पुढे आलेला दिसला, तर शिक्षकांनी पालकांना नेत्रतज्ज्ञाकडे अवश्य पाठवावे. रोगाचे नाव मात्र गाठीचा तुकडा तपासल्यावरच ठरते. तोवर धीर धरावा.