तापाचा आकडा आणि पाऱ्याचा हिशेब

घरात कुणाचे अंग तापले की आपण प्रथम कपाळावर हात ठेवतो. तो हात मायेचा असतो, पण साक्षीदार म्हणून कच्चा. नुकताच गार पाण्यातून काढलेला हात निरोगी माणसालाही तापलेला ठरवतो. शतकानुशतके वैद्य-हकिमांची सारी भिस्त या हातावर होती. ताप किती, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत पादुआ येथील सान्तोरिओ यांनी काचेच्या नळीला खुणा करून ती रोग्याच्या तोंडात दिली. आतली हवा फुगली की पाणी सरके. परंतु बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरीही ते सरके. १७१४ मध्ये फॅरेनहाइट यांनी बंद नळीत पारा भरला, तेव्हा मोजमाप भरवशाचे झाले. तरी ते रोग्याच्या खाटेपाशी नित्याचे व्हायला आणखी दीडशे वर्षे गेली. लाइपझिगच्या डॉक्टर वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदी तपासून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला. ताप हा रोग नव्हे, रोगाचे चिन्ह आहे, हे त्यांनी ठसवले. मात्र त्या काळची नळी फूटभर लांब असे आणि वीस मिनिटे काखेत धरावी लागे. इंग्लंडात ऑलबट यांनी १८६६ च्या सुमारास ती सहा इंचांवर आणली. पाच मिनिटांत काम होऊ लागले.

या नळीत, फुग्याच्या जरा वर, एक चिमटा असतो. तापलेला पारा त्यातून रेटून वर चढतो; निवताना मात्र त्याची रेघ तिथे तुटते आणि वरचा भाग जागीच राहतो. म्हणून आकडा सावकाश वाचता येतो, आणि म्हणूनच नळी झटकावी लागते.

या आकड्याचे मोल कामगाराला विशेष. ‘अंगात कणकण आहे’ हे त्याचे म्हणणे मानणे न मानणे मुकादमाच्या मर्जीवर असते. १०२ हा आकडा कुणाच्या मर्जीवर नसतो.

पण हे साधन बनवणाऱ्या हातांचे काय? पाऱ्याची वाफ साध्या हवेतही होते, श्वासावाटे शरीरात जाते, आणि मज्जातंतू व मूत्रपिंडे यांना इजा करते. तामिळनाडूत कोडाईकनाल येथे थर्मामीटरचा मोठा कारखाना होता. पारा लागलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे सापडली आणि २००१ मध्ये तो बंद पडला. प्रकृती बिघडल्याची कामगारांची तक्रार कंपनीने मान्य केली नाही. अखेर २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. कारखाना बंद पडल्यापासून पंधरा वर्षे लोटली होती.

मिनामाता कराराने २०२० नंतर पाऱ्याचे थर्मामीटर बनवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. आता विजेच्या प्रवाहाला होणारा रोध तापमानानुसार बदलतो, त्यावरून आकडा मिळतो. पण पारा इतर धंद्यांत अजून आहे. तोही मोजता येतो, रक्तात आणि लघवीत. तेव्हा पाऱ्याशी काम करणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी वेळच्या वेळी व्हावी आणि तिचा कागद त्याच्या हाती पडावा, एवढी मागणी आपण लावून धरली पाहिजे.