तेरची मलमल आणि कप्तानाचं सर्टिफिकेट

मी धाराशिवचा (तोंडात अजून उस्मानाबादच येतं). आमच्याकडे समुद्र नाही, तेव्हा बोटींवर हा काय लिहिणार, असं वाटेल. पण थांबा जरा.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाला एकच सूर: "बोट चालवणाऱ्यांच्या परीक्षा कडक करा!" मीही मान डोलावली. मग वीकेंडला वाचायला बसलो आणि गडबड झाली.

१८३६ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीने जहाजं का बुडतात ते तपासलं. कारणांमध्ये कप्तानांचं अज्ञान आणि दारू, दोन्ही निघाली. पुढे १८५० च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना परीक्षा सक्तीची झाली. पण टकरीचं दुखणं वेगळं. तिथे तुम्ही एकटे हुशार असून भागत नाही, समोरच्यालाही तोच नियम माहीत लागतो. म्हणून १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून समुद्रावरचे वाहतुकीचे नियम ठरवले. वाफेची जहाजं समोरासमोर आली, तर दोघांनी उजवीकडे वळायचं. हा नियम सगळ्यांच्या डोक्यात भरणं, हा परीक्षेचा मोठाच उपयोग.

मग टकरी थांबल्या? छे! ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' धडकल्या. एक न्हावा-शेव्याहून निघालेली, दुसरी मुंबई बंदरात येणारी. ३० जानेवारी २०११ ला नौदलाची 'विंध्यगिरी' एका मालवाहू जहाजाला धडकली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. इथे कोणी अडाणी नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मोड्यूल्स टेस्टमध्ये पास, इंटिग्रेशनला नापास!

आणि 'नीलकमल'? स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातल्या बिघाडाने ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. यात कोणती परीक्षा आड येणार? विचारायचं ते हे, की चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेवर का?

आता आमचं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातला ग्रीक 'पेरिप्लस' सांगतो, की तगरचं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. भडोचची खाडी भलती अवघड, म्हणून राजाने तिच्या तोंडाशी स्थानिक कोळी नेमले होते. ते पार सौराष्ट्रापर्यंत पुढे जाऊन परक्या जहाजांना गाठत, भरतीसोबत आत आणत आणि ओहोटीला ठरल्या जागी नांगरून ठेवत. धोका वाळूचा होता, टकरीचा नव्हे. पण विचार बघा: परका नाखवा कितीही तयारीचा असो, त्या पाण्यात कोणी कधी हलायचं हे एकानेच ठरवायचं.

तेव्हा परीक्षा हवीच, पण तिच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. पुढच्या वेळी चहाला मी आधी विचारीन, "त्या पाण्यावर लक्ष कोणाचं होतं?"

तेरच्या विणकराने समुद्र बहुधा पाहिलाही नसेल. त्याचा माल मात्र त्या कोळ्यांच्या भरवशावर होता.