मांड आणि डबलसीट

शिरूरकडून कवठे येमाईकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहिलं, तर दुचाकीवरच्या बायकांची तीन पिढ्यांची रूपं दिसतात. नऊवारी नेसलेली आजी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली असते. तिचे दोन पाय दोन बाजूंना असतात आणि हात मुलाच्या खांद्यावर. गोल साडी नेसलेली सून नवऱ्यामागे डबलसीट बसते, पण दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून. एका हातात पदर, दुसऱ्या हातानं सीटची कडी धरलेली, मांडीवर लेकरू. आणि पंजाबी ड्रेस घातलेली नात स्वतःच स्कूटी चालवत कॉलेजला निघालेली असते.

या तिघींमध्ये सगळ्यात सुरक्षित बसलेली पाठीमागची बाई कोण? आजी. सगळ्यात 'जुनाट' वेश तिचा आहे, आणि वेगवान वाहनावर बसायला तोच जास्त सोयीचा आहे. असं का व्हावं? वेश आणि वाहन यांचा एकमेकांशी काय संबंध असतो? आणि वाहन घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण असतं?

हा प्रश्न आजचा नाही. सुमारे १९० वर्षांपूर्वी एका मराठा राणीच्या छावणीत तो समोर आला होता. तेव्हा वाहन होतं घोडा.

बायजाबाईंच्या छावणीत

बायजाबाई शिंदे मूळच्या कागलच्या घाटग्यांच्या. १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी त्यांचं लग्न झालं. १८२७ साली दौलतराव वारल्यावर त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला. १८३३ साली त्यांना सत्ता सोडावी लागली आणि त्या इंग्रजी मुलखात येऊन राहिल्या. १८३५ साली त्यांची छावणी गंगेकाठी फतेहगढला होती. तिथे त्यांना भेटायला फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई येत असे. तिचा नवरा अलाहाबादला कंपनी सरकारचा अधिकारी होता. फॅनीनं आपल्या हिंदुस्थानातल्या वास्तव्याचं वर्णन पुढे १८५० साली लंडनहून छापलं. त्यात या भेटी आल्या आहेत.

मराठा सरदारघराण्यांतल्या स्त्रिया घोड्यावर पुरुषांसारखीच मांड घालून बसत. इंग्रज बायका मात्र एकाच बाजूला पाय सोडून बसतात, हे ऐकून बायजाबाईंच्या मंडळींना नवल वाटलं. फॅनीनं आपलं खोगीर मागवून तसं बसून दाखवलं. पाहणाऱ्यांना ते चमत्कारिकच वाटलं. मग फॅनीनं मराठा वेश केला आणि मराठी पद्धतीनं घोड्यावर मांड घातली. ती इतकी खूश झाली की स्त्रियांची बसण्याची जुनी रीत बदलल्याबद्दल तिनं आपल्याच देशाच्या एलिझाबेथ राणीला लिखाणात नावं ठेवली.

मराठा वेशाचं तिनं केलेलं निरीक्षण अगदी शास्त्रीय वृत्तीचं आहे. अंगात घट्ट चोळी आणि एकच लांब वस्त्र. ते कमरेभोवती गुंडाळून, त्याचा एक भाग पायांमधून मागे नेऊन खोचायचा. त्यामुळे एकाच कापडातून घागरा आणि विजार दोन्ही साधतात, असं तिनं नोंदवलं आहे. हा आपला काष्टा किंवा कासोटा.

नऊ वारांतली रचना

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर. हे कापड कुठेही कापलेलं नाही, शिवलेलं नाही. काष्ट्यामुळे दोन्ही पायांभोवती वेगवेगळं आवरण तयार होतं, म्हणून पाय फाकता येतात, पळता येतं, चिखलात उतरता येतं. लांब पावलं टाकायची असतील तर लुगडं वर खोचता येतं. पदर कमरेला आवळला की हात मोकळे. पुढे खोचलेल्या ओच्यात शेंगा, भाजी मावते आणि कनवटीला पैसे राहतात. म्हणजे खिसाही आहे. बाई जाड झाली, बारीक झाली, गरोदर राहिली, तरी तेच वस्त्र चालतं.

राणीचं लुगडं पैठणी किंवा महेश्वरी असेल आणि शेतात खुरपणाऱ्या बाईचं जाडंभरडं असेल. किमतीत जमीनअस्मानाचा फरक, पण मूळ रचना एकच. ही रचना कुणा एका कारागिरानं केली नाही. नेसणाऱ्या बायकांनीच पिढ्यान्‌पिढ्या वापरून, बदलून ती घडवली. म्हणून ती त्यांच्या अंगाला आणि कामाला बेतलेली आहे.

पण जुनं ते सगळं सोनं होतं असं समजायचं कारण नाही. बायजाबाईंच्या घरच्या स्त्रिया पडद्यात राहत. घोड्यावरचं कौशल्य परपुरुषांच्या नजरेआडच दाखवायचं, अशी रीत होती. आणि खुरपणाऱ्या बाईला तर घोडा मिळण्याचाच प्रश्न नव्हता. तिचा वेश स्वार होण्यासारखा होता, पण वाहन नव्हतं.

एका बाजूला पाय का?

आता युरोपकडे पाहू. तिथल्या राजघराण्यांतल्या स्त्रियांचे झगे लांब आणि घेरदार होते. शिवाय स्त्रीनं पाय फाकून बसणं असभ्य मानलं जाई. बोहेमियाची राजकन्या ॲन १३८२ साली इंग्लंडची राणी झाली, तिनं तिथे एका बाजूला बसण्याची रीत आणली असं परंपरेनं सांगतात. सुरुवातीचं असं खोगीर म्हणजे जवळजवळ खुर्चीच होती. पाय टेकायला एक फळी असे. अशा बैठकीत स्त्रीला घोडा नीट हाकता येत नसे. लगाम धरून दुसऱ्या कुणीतरी घोडा चालवायचा. पुढे खोगिराला एक शिंग आलं, त्याभोवती उजवा पाय अडकवता येऊ लागला. १८३०च्या सुमाराला दुसरं शिंग आलं, तेव्हा कुठे डाव्या मांडीला आधार मिळून दौडणं, उडी मारणं जरा सुरक्षित झालं.

इथे घडलेली गोष्ट नीट लक्षात घ्या. वेश अडचणीचा आहे हे दिसत होतं, पण वेश बदलला नाही. वेश तसाच ठेवून खोगीर बदललं, आणि स्वार बाई शतकानुशतकं तिरकी बसत राहिली. राजघराण्याची फॅशन म्हणून सुरू झालेली रीत हळूहळू 'बायकांची स्वाभाविक बैठक' ठरली.

सायकलच्या बाबतीत पुन्हा हेच झालं. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. तिची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळी होती. लवकरच झग्यांसाठी आडवा दांडा खाली वाकवलेली लेडीज सायकल निघाली. तिच्या साखळीवर झाकण असे आणि मागच्या चाकावर जाळी. मात्र एक मोठा फरक होता. या वेळी बाई मागे बसणारी नव्हती, चालवणारी होती.

काष्टा सुटला

आपल्याकडे उलटा प्रवास झाला. १८६०च्या दशकात ठाकूर घराण्यातल्या ज्ञानदानंदिनी देवी पतीबरोबर मुंबई इलाख्यात राहत होत्या. पारशी स्त्रियांच्या साडीवरून त्यांनी परकर-पोलक्यावर नेसायच्या साडीची एक पद्धत बसवली. घराबाहेर पडू लागलेल्या शिकलेल्या स्त्रियांना ती आवडली. पुढे विसाव्या शतकात बडोद्याच्या सयाजीराव आणि चिमणाबाईंच्या कन्या इंदिराराजे यांनी फ्रेंच शिफॉनच्या साड्या लोकप्रिय केल्या. १९१३ साली लग्न होऊन त्या कूचबिहारला गेल्या होत्या. त्यांच्या साडीची नक्कल इतर संस्थानांतल्या राण्यांनी केली, मग शहरांतल्या श्रीमंत घरांनी.

गोल साडी पसरण्याचं कारण एवढंच नव्हतं. तिला सुमारे साडेपाच मीटर कापड लागतं, म्हणजे नऊवारीच्या दोन-तृतीयांश. नेसायला सोपी, धुवायला हलकी. आणि शाळा, कचेरी, सभा यांना जाणाऱ्या नव्या बाईची ती खूण झाली. याच इंदिराराजेंच्या आई चिमणाबाई पुण्यात जानेवारी १९२७मध्ये भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या. पडदा सोडणं, शिकणं आणि नवी साडी या गोष्टी त्या काळी हातात हात घालून आल्या. म्हणून गोल साडीला गुन्हेगार ठरवून चालणार नाही.

पण एक विचित्र योगायोग झाला. काष्टा होता तेव्हा सर्वसामान्य बाईकडे वाहन नव्हतं. घरोघर मोटारसायकल आली, तोवर काष्टा गेला होता. आणि ती एका बाजूला पाय सोडून बसू लागली, अगदी झगेवाल्या राण्यांसारखी. लगाम दुसऱ्याच्या हातात, हेही तसंच.

थोडं गणित

अशा बसण्यात धोका किती? मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर वेगानं, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगानं जाते आहे असं धरू. ब्रेक लावून ती अडीच सेकंदांत थांबली, तर वेगातली घट दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतकी होते. मागे बसलेल्या बाईचं वस्तुमान ५० किलोग्रॅम असेल, तर तिचाही वेग तसाच कमी व्हायला २०० न्यूटन बल लागेल. साधारण २० किलोचं पोतं उचलून धरायला लागतं तेवढं. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली व्यक्ती हे बल दोन पाय, दोन मांड्या आणि दोन हात यांच्यात वाटून घेते. तिरकं बसलेल्या बाईकडे एक हात आणि फार तर एक पावलटेकू असतो. सीट गुळगुळीत, साडीही गुळगुळीत. शिवाय खड्ड्यात गाडी उसळली, तर पाठीमागे आधार काहीच नाही.

दुसरा धोका पदराचा. चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर याच वेगाला ते सेकंदाला पाचहून जास्त फेरे घेतं. आसाभोवतीच्या तुंब्याचा परीघ ४० सेंटिमीटर असेल, तर अडकलेला पदर सेकंदाला दोन मीटर गतीनं गुंडाळला जातो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हे धोके कायद्याला माहीत आहेत. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम म्हणतो की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला हाताला धरायची कडी, पावलटेकू आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. हेच आपलं साडीगार्ड. त्यानं कितीतरी जीव वाचले असतील. पण त्यात गृहीत काय धरलंय तेही पाहा. बाईची आठवण ठेवली गेली, ती मागे बसणारी म्हणून. किक, क्लच, सीटची उंची, गाडीचं वजन हे सगळं पुरुषाला बेतून झाल्यावर मग तिच्यासाठी एक जाळी जोडली.

चालवणारी बाई

वेगळा विचार करणं अवघड नव्हतं. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली. ५० सीसीचं छोटं इंजिन, गिअर नाहीत, वजन कमी आणि मध्ये पाय घालायला मोकळी जागा. पुण्याच्या रस्त्यांवर साडी नेसलेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बायका लूना चालवताना दिसू लागल्या. १९८४ साली बटणानं सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. साडी तीच होती. बदललं होतं वाहन, आणि चालवणाऱ्याचं गृहीत.

या गाड्या फक्त बायकांनी वापरल्या का? मुळीच नाही. दूधवाले, फेरीवाले, निवृत्त आजोबा, सगळ्यांनी वापरल्या. बटणानं सुरू होण्याची सोय तर आता दणकट मोटारसायकललाही असते. दुर्लक्षित माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली सोय बहुतेक वेळा सगळ्यांच्याच उपयोगी पडते.

तरीही 'प्रमाण माणूस' म्हणजे पुरुष, ही सवय सहज जात नाही. मोटारींच्या टक्कर चाचण्यांत जगभर वापरला जाणारा 'हायब्रिड थ्री' हा पुतळा १९७६ सालचा. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. सरासरी स्त्रीच्या मापाचा, १६२ सेंटिमीटर उंचीचा पुतळा स्वीडनमधल्या संशोधकांनी तयार करून दाखवला तो २०२२ साली. त्याआधीचा जो 'स्त्री' पुतळा होता, तो अमेरिकेतल्या सर्वांत लहानखुऱ्या पाच टक्के स्त्रियांच्या मापाचा, सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीचा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची जवळपास तेवढीच आहे. म्हणजे त्या मोजमापात जी टोकाची अपवाद, ती आपल्या गावातली अगदी सर्वसाधारण बाई.

वर्गात करून पाहा

हा विषय मुलांसमोर न्यायला उपकरणं लागत नाहीत. एक मोजपट्टी पुरे. मुलांच्या आणि मुलींच्या गणवेशातले खिसे मोजा. किती जणींना खिसाच नाही? हातपंपाच्या दांड्याची आणि एसटीतल्या वरच्या दांडीची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि मुलामुलींच्या, आईबाबांच्या खांद्यांची उंची लिहा. मग आलेख काढा. गावातल्या रस्त्यावर तासभर थांबून तक्ता करा: दुचाकी कोण चालवतं, मागे कोण बसतं, पाय कुठे, वेश कोणता. आणि एखाद्या आजींना वर्गात बोलावून काष्टा कसा घालतात ते समजून घ्या. मुलग्यांनाही ते बघू द्या.

मग प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारायला सांगा: ही बनवणाऱ्यानं कुणाला मोजलं होतं?