नळाचे पाणी आणि न उडणारी माशी

आमच्या देऊळघाटच्या घरी पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरे पूट धरते. ते खरवडण्याचा घरच्या मंडळींना मनस्वी कंटाळा! पण त्या पुटातल्या कॅल्शियमची कुळकथा मोठी विलक्षण आहे.

बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत राहते, असे लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८२ साली जाहीर केले. मागाहून कळले की, ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतेच. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचे होते! शुद्ध पाणी घेताच हृदय थांबे, कॅल्शियमचा क्षार घालताच पुन्हा चाले. १८८३ साली रिंगरनी आपली चूक स्वतःच छापली. आम्हां मास्तरांच्या हातून हे सहसा होत नाही.

पुढे हाच क्षार मेंदूतही भेटला. मज्जापेशीच्या आत मोकळे कॅल्शियम जितके, त्याच्या सुमारे १०,००० पट बाहेर असते. दार किलकिले झाले की लोट आत येतो. तो लोट हाच निरोप. कॅलिफोर्नियात गू आणि स्पिट्झर यांनी १९९५ साली बेडकाच्या भ्रूणातील कोवळ्या मज्जापेशी पाहिल्या. कॅल्शियमच्या जलद उसळ्यांवर पेशीने कोणते रसायन बाळगावे हे ठरे, संथ लाटांवर तंतूची वाढ. उसळ्या दाबल्या की पेशी अपुरी राही. त्याच लयीत परत दिल्या की मार्गी लागे. दूत एकच, मजकूर लयीत!

आपल्याकडची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढला. त्याच परंपरेतून बंगळूरचे जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. तेथे गैती हसन आणि सहकाऱ्यांनी फळमाश्या तपासल्या. त्यांच्या पेशींतील कॅल्शियमच्या कोठाराचे दार जन्मतःच बिघडलेले. माशी चढे, उडीही मारी. पण एरवी फुंकर घातली की माशी उडू लागते, तशी ही उडेना.

माशीवरून माणसाचे अनुमान काढू नये, हे मी जाणतो. तरी धावण्यात पहिला आणि वाचनात अडखळणारा एक पोरगा मला आठवला. आळशी म्हणून मी त्याचा कान पिळला होता.

सेरोटोनिन आणि डोपामिन करणाऱ्या मोजक्या पेशींत ते दार पूर्ववत करून दिले, आणि माशी उडाली. उड्डाणाची जुळणी वाढीच्या काळातच फसली असावी, असे त्या मंडळींनी २००४ साली लिहिले.