साथीचा कायदा, राज्याची सीमा आणि उपचाराचा हक्क

पांढुर्णा, सौंसर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. नागपूर त्या राज्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौंसरचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. या मराठी मुलखातल्या लोकांची मोठ्या दुखण्यासाठी नागपूरच्या ‘मेडिकल’ या सरकारी रुग्णालयाची वाट मात्र सुटली नाही. साथीत त्या वाटेवर नाका बसला, की रोग रोखण्याचा कायदा आणि उपचाराचा हक्क समोरासमोर येतात.

यातला कायदा फार जुना. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. युरोपातली बंदरे हिंदुस्थानच्या मालाला बंद होतील, अशी धास्ती सरकारला होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला आणि त्याच महिन्यात व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यात रेल्वेच्या उतारूंची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, अधिकाऱ्याला संरक्षण. रोग्याला काय मिळावे, याबद्दल त्यात अक्षर नाही. रोगी शोधायला पुण्यात गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरले. घाबरलेले लोक रोगी लपवू लागले, म्हणजे सक्तीचा मूळ हेतूच फसला. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

कायद्यात रोग्याला जागा न देण्याची ही चूक कागदावर दुरुस्त व्हायला जवळपास सत्तर वर्षे लागली. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बाराव्या कलमात साथ आटोक्यात आणणे आणि आजाऱ्याला उपचार देणे, ही दोन्ही कर्तव्ये आरोग्याच्या हक्काखाली आणली. भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. हक्कांवरचे निर्बंध कायदेशीर, गरजेपुरते आणि मुदतीचे असावेत, असे १९८४ च्या सिराक्यूझा तत्त्वांनी सांगितले. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी मानवी हक्कांचा आदर बंधनकारक केला.

कोविडमध्ये याची कसोटी लागली. कर्नाटकाने सीमा अडवल्यामुळे केरळातल्या कासरगोडच्या रोग्यांना मंगळूरला जाता येईना. वैद्यकीय उपचारासाठीची वाट अडवणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० ला म्हटले. पुढच्या वर्षी, २० मार्च २०२१ पासून, मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी होणारी बसवाहतूक बंद केली. पांढुर्णा-सौंसरच्या ज्या घरात स्वतःची गाडी नव्हती, त्या घरासाठी नागपूर एकाएकी लांब गेले. १८९७ च्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण देणारी. रोग्याचा हक्क तेव्हाही त्यात आला नाही.